पाय पाहणाऱ्या नर्सबाई

दर्यापूरच्या आमच्या नर्सबाई बाईमाणसाचं तोंड नंतर बघायच्या, आधी पाय. नडगीवर अंगठा दाबायच्या आणि खड्डा भरून येतो की तसाच राहतो, ते बघत बसायच्या. त्या दिसल्या की पोटुशा बायका लुगड्याचा काठ खाली ओढायच्या. मी मात्र मुद्दाम पाय पुढे करून बसायचे. माझा खड्डा चटकन भरायचा. "तू बरी हायस. जाय, कामाले लाग," एवढं बोलून त्या थोरल्या जाऊबाईंकडे वळायच्या.

आम्ही दोघी जावा एकदमच गरोदर होतो. मी राजापूरकडची, चौथीतच शाळा सुटलेली. माहेर इतकं लांब, की पहिल्या बाळंतपणालाही जाणं जमणार नव्हतं. जीव सारखा घाबरा. विचारायचं कुणाला, तर नर्सबाईंना. आणि त्या तर जाऊबाईंच्या होऊन बसल्या होत्या.

झालं होतं असं, की डोहाळजेवणाला कासार आला आणि जाऊबाईंच्या हातात बांगडी शिरेना. साबण लावून कशाबशा भरल्या. सासूबाई खूश. "अंग धरलं पोट्टीनं." तेवढ्यात नर्सबाई आल्या. त्यांनी पाय दाबला, दंडाला दाबाचा पट्टा बांधला आणि भरल्या ताटांसमोर हातातल्या हिरव्या बांगड्या उतरवून वाढवायला लावल्या.

"शुभाच्या दिवशी असं काहून करून राहिल्या?" सासूबाई कडाडल्या.

"मावशी, बांगड्या उद्या बी भेटतीन. लेकरासाठी बाईचं रक्त वाढते, त्यासाठी नसा सैल व्हाव्या लागते. हिच्या आवळून राहिल्या. म्हून दाब चढला, लेकराले रक्त कमी पडते. हे अंग धरनं नाई, ही सूज हाय."

मग जाऊबाईंना डाव्या कुशीवर निजवलं, मीठ बंद केलं. नर्सबाई रोज उशाशी बसून त्यांना हसवायच्या. "नवऱ्याचा राग आला तं डोये मीट. दाब वाढला तं मी तुलेच बोलीन." घागर घेऊन जाता-येता मी ते हसणं ऐकायचे. वाटायचं, माझ्याही नसा थोड्या आवळाव्यात. एकदा म्हटलंच, "बाई, माझाही दाब बघा ना." त्यांनी बघितला. "घोड्यावानी हायस," म्हणाल्या आणि पट्टा सोडला.

एका सकाळी जाऊबाईंचं डोकं ठणकू लागलं, डोळ्यांपुढे अंधारी आली. त्यांचं डोकं मांडीवर घेऊन नर्सबाई जीपमधून अमरावतीच्या दवाखान्यात गेल्या. बाळ गेलं. जाऊबाई वाचल्या, त्या नर्सबाईंमुळेच. त्याच आठवड्यात मी घरी सुइणीच्या हातून मोकळी झाले. मुलगी झाली. नर्सबाई तेव्हाही तिकडेच होत्या.

पुढे त्यांची अकोल्याला बदली झाली. मोटारस्टँडवर जाऊबाई त्यांच्या गळ्यात पडून रडत होत्या. मी मुलीला घेऊन मागे उभी. नर्सबाई माझ्याकडे वळल्या. "तुह्यापाशी बसाची पाळी माह्यावर आली नाई. अशी बाई मले लई कमी भेटते." मुलीच्या गालाला बोट लावून त्या मोटारीत चढल्या.

माझं सगळं सुखरूप पार पडलं, त्यासाठी मी आजही हात जोडते. तरी अकोल्यात त्या कुणा दुसरीच्याच उशाशी बसल्या असतील, असं मनात आलं की अजून आत काहीतरी जळतं. एखादा दिवस माझ्यापाशी नुसतंच बसायचं होतं त्यांनी.