उशिरा आलेलं हसू

काल नाटकाला सगळं प्रेक्षागृह हसून शांत झालं, आणि मग माझ्या पुढच्या रांगेतले एक आजोबा एकटेच खदखदून हसले. शेजारच्या आजी त्यांच्या कानाशी वाकून प्रत्येक विनोद पुन्हा सांगत होत्या. मागून कुणीतरी "श्शू" केलं. मला राग आला तो त्या श्शू करणाऱ्याचा.

माझ्या वडिलांना, अण्णांना, शेवटच्या काही वर्षांत कमी ऐकू यायचं. नाटक मात्र सुटलं नव्हतं. लोक हसले की माझ्या डाव्या कोपराला हळूच धक्का लागायचा. "काय म्हणाला गं?" मी ते वाक्य सांगायचे, अगदी नटाच्या आवाजात. मग अण्णा हसायचे, आणि ते हसले म्हणून मीही पुन्हा हसायचे. एका तिकिटात प्रत्येक विनोद मला दोनदा मिळायचा.

नाटकाची मजा घ्यायची तर पुढची रांग घ्या, जरा आधी जाऊन बसा, असं लोक सांगतात. मला विचाराल तर शेजारी कमी ऐकू येणारं आपलं माणूस हवं. आता मी एकटीच जाते. सगळं स्वच्छ ऐकू येतं, आणि घरी पोचेपर्यंत त्यातलं काही लक्षात राहत नाही.

आजोबा पुन्हा उशिरा हसले. या वेळी मी माझं हसू त्यांच्यासाठी थांबवून ठेवलं होतं. आम्ही एकदमच हसलो. मग सवयीनं माझं कोपर खुर्चीच्या हातावर थोडं डावीकडे सरकलं. पडदा पडेपर्यंत मी ते तिथंच राहू दिलं.