नेलाप्सीची ज्वारी

रोज सकाळी दाढी झाली की नरसिंगमामा आरशात बघून दात विचकायचा. डोळे वटारून एकदा गुरगुरायचा, मग रुमाल खांद्यावर टाकून कोळार औद्योगिक वसाहतीतल्या गोदामाकडं जाणारी बस धरायचा.

"तुमाला कोन भीतंय?" पंचशीलामामी चुलीपासून म्हणायची. "दारची शेळीबी भीत न्हाई."

आमच्या राजेश्वर गावात जयंतीला नाटक बसायचं आणि त्यातला राक्षस कायम मामाच. अंग धिप्पाड, आवाज घोगरा. पण चेहरा इतका मवाळ की तो आला की लोक हसायचे. एकदा तरी माणसं भ्यावीत, एवढीच त्याची हौस.

त्या वर्षी मी कलबुर्गीच्या कॉलेजात वाचलेला एक राक्षस त्याला सांगितला. स्लोवाकिया नावाच्या दूरदेशातला नेलाप्सी. मेल्यावर उठून रक्त पिणारा, नुसत्या नजरेनं गाव ओस पाडणारा. छातीत दोन काळजं. त्याला अडवायचं तर वाटेत खसखस टाकायची. शेवटचा दाणा वेचल्याशिवाय तो पुढं सरकू शकत नाही.

"दोन काळजं," मामा छाती चाचपत म्हणाला. "आता बघतो कोन हसायलंय ते."

काळं घोंगडं पांघरून तो मंचावर आला आणि खरंच कुणी हसलं नाही. म्हातारीचं काम करणाऱ्या मामीनं त्याच्यापुढं सूप उपडं केलं. खसखस मागच्यांना दिसणार नाही म्हणून तिनं ज्वारी घेतली होती. गर्जना करत मामानं पाऊल उचललं, खाली बघितलं आणि पाऊल तसंच अधांतरी राहिलं. पण अंगठा ज्वारीला टेकलाच होता. त्यानं वाकून चार दाणे उचलले आणि कपाळाला लावले.

मंडप हसून लोळला. "सावकाश वेच रे," शेजारचे नागप्पा अण्णा ओरडले, "कोपऱ्यात ऱ्हायली बघ." दोन बायका तर मंचावर चढून त्याच्यासोबत दाणे वेचायला बसल्या. नागप्पांची नात चैत्रा तेवढी आईच्या पदराआड रडायला लागली.

"बघितलीस?" मामा मामीला म्हणाला. "एक जन भ्याली." आणि घोंगडं टाकून चैत्राला कडेवर घ्यायला खाली उतरला.

पुढं गावभर त्याला विचारायचे, "मामा, वेचून झाली का?"

"न्हाई अजून," तो खुशीत सांगायचा.

यंदा फाल्गुनात दुपारच्या झोपेतच तो गेला. त्या सकाळी कलबुर्गीला निघताना मी निरोप घ्यायला गच्चीवर गेले होते. ज्वारी वाळत होती, तो कडेला बसून खडे वेचत होता. मान वर न करताच म्हणाला,

"चपला तिकडंच काढ गं पोरी, ज्वारी पसरलीय."