काकाजींचा ब्रेक

टीव्ही कोणी शोधून काढला ते मला ठाऊक नाही, पण त्याला चारीमुंड्या चीत केलं ते बोरगाव मेघेतल्या आमच्या शेजारच्या काकाजींनी, आणि तेही नुसत्या वरणभाताच्या जोरावर. यात तिळाएवढीही अतिशयोक्ती नाही. असलीच तर भोपळ्याएवढी असेल.

काकाजींचं किराणा दुकान होतं आणि आवाज असा, की ते इकडे शिंकले तर तिकडे सेवाग्रामच्या दवाखान्यात नुकती जन्मलेली बाळं रडायचं विसरायची. वैशाखाच्या उन्हातही छत्री बगलेत मिटूनच चालायचे, का तर उघडली की झिजते. पण खरा विक्षिप्तपणा पाटावर. जेवताना ते डोळे गच्च मिटायचे. "डोयानं का चव समजते?" हा त्यांचा सवाल. एकदा कावळ्यानं ताटातला पापड पळवला, तर डोळे न उघडता सुनेला म्हणाले, "सूनबाई, पापड आज लय हलका झाला. हातातच नाई येऊन राह्यला."

अशा माणसाच्या शेजारी नेमकी आमची चिमी जन्मली. साडेतीन वर्षांची ही पोट्टी जेवायची फक्त डोळ्यांनी. टीव्हीवर जाहिरात लागली की तोंड उघडायचं, मालिका सुरू झाली की मिटायचं. साबणाला एक घास, केसांच्या तेलाला एक घास. तिची आई घास हातात धरून जाहिरातीची अशी वाट पाहायची, जशी कोणी माहेरच्या गाडीची पाहावी. त्यात भारनियमन आलं. दोन्ही जेवणांच्या वेळी लाइन गायब. टीव्ही बंद, तोंड बंद. पोरीच्या बरगड्या दिसू लागल्या. डॉक्टर म्हणाले, महिन्याभरात वजन वाढलं नाही तर भरती करून सलाइन लावावं लागेल. तिच्या आईच्या डोळ्यांचं पाणी खळेना.

भिंतीपलीकडून हे ऐकलं आणि काकाजी आले, ते डोक्यात टीव्हीचं रिकामं खोकं घालूनच. खोक्याला समोरून चौकोन कापलेला, त्यात त्यांच्या मिशा. "नमस्कार. आजच्या बातम्या. नाचणगावचा एक रेडा म्हशीवर रुसून पुलगावले निघाला." चिमीनं आ वासला. रेडा रेल्वेच्या फाटकात पोचला, गाडीची शिट्टी झाली, आणि काकाजी थांबले. "घेऊ एक ब्रेक." डोळे मिटून गप्प. चिमीनं जरा वाट पाहिली, मग खोक्यावर टकटक केली. "घास गियल्याबिगर ब्रेक नाई संपत," आतून आवाज आला. घास गेला. रेडा हलला.

पुढे एकदा रेडा असाच संकटात असताना लाइन आली आणि टीव्ही खणखणीत गाऊ लागला. तिच्या आईचा हात ताटावरच थांबला. चिमी उठून टीव्हीपाशी गेली. मी मनात म्हटलं, संपलं. पोरीनं बटण दाबून तो बंद केला. "रेड्याचं ऐकू नाई येऊन राह्यलं," म्हणाली.

महिन्यानं तिला काट्यावर उभी केली, तर डॉक्टरांनी काटाच दुरुस्तीला पाठवला. गल्लीतल्या आया ताटं घेऊन काकाजींच्या ओट्यावर जमू लागल्या. खोकं फाटलं, त्याची गरजही उरली नाही. सारी पोट्टी काकाजींसारखीच डोळे मिटून, रेड्याच्या बातम्या ऐकत जेवायची आणि बोरगावचे कावळे पापड खाऊन इतके जडावले, की पायी फिरू लागले. चिमी घासाला ब्रेकच म्हणायची. बालवाडीच्या बाईंनी विचारलं, डब्यात काय? तर, "भेंडीचे ब्रेक."

रेड्याचं शेवटी काय झालं, हे मात्र कधी कळलं नाही. विचारलं की काकाजी म्हणायचे, "ताटात घास उरला असन तं सांगतो." आणि ताट चाटूनपुसून लख्ख.

चिमी पाचवीत गेली त्या वर्षी काकाजी गेले. तेरवीच्या पंगतीत गल्लीतली सगळी पोट्टी ओळीनं डोळे मिटून जेवली. कोणी सांगितलं नव्हतं. मी वाकून पाहिलं, तर चिमीच्या पानात एक घास नीट कालवून तसाच ठेवलेला. म्हटलं, बाई, अन्न टाकू नये.

"टाकलं नाई, बाबा," डोळे न उघडता ती म्हणाली. "ब्रेक आहे."