ईश्वरअप्पांच्या पानमळ्यातला फवारा

आमचे हे मानवत गावात गॅसबत्त्या भाड्यानं द्यायचे. वरात असो का भजन, बत्ती ह्यांचीच. निजामाचं राज्य होतं. तिकडं मोठी लढाई सुरू झाली आन् हिकडं घासलेट गायब झालं. बत्त्या माळ्यावर गेल्या. मग ह्यांनी हैदराबादहून एक जुना पितळी फवारा आणला, पानमळ्यावर औषध मारायचा. मी म्हणलं, "अहो, बत्तीतलं तुमाला कळतं, झाडापाल्यातलं काय कळतंय?" तर म्हणे, "बसम्मा, दाब तो दाबच. तिथं घासलेट चढतंय, हितं औषध चढंल."

एक गोष्ट मातर माझ्या जिवाला लागलेली. ह्यांचा उजवा डोळा लहानपणी देवी आल्या तवाच गेलेला. सगळी भिस्त डाव्यावर. आन् खोड अशी वाईट, की बारीक भोक दिसलं की ते डोळ्याला लावून बघायचं! बत्तीत ते खपलं. पण ह्या औषधात कळीचा चुना आन् मोरचूद. डोळ्यात उडालं तर संपलंच की! मी कानीकपाळी वरडायचे, ऐकतंय कोण!

काम मातर असं देखणं करायचे, काय सांगू. पंपातला चामड्याचा वायसर करडईच्या तेलात भिजवायचे. रांजणातलं औषध माझ्या जुन्या लुगड्याच्या फडक्यानं गाळायचे, चुन्याचा एक खडा राहू द्यायचे न्हाईत. मग त्यात विळा बुडवायचे. पात्यावर तांबूस रंग चढला तर म्हणायचे, "चुना कमी पडला, पानं जळतील." शेवटी नळी जोडून पहिली पिचकारी काळ्या दगडावर. ओघळ आला की नळीच्या तोंडाची बारीक भोकाची तोटी पुन्हा खोलायची. "धार नको बसम्मा, धुकं पायजे." ते निळसर धुकं उन्हात उडालं की आमी दोघंबी खुळ्यासारखं बघत राहायचो. लय सुखाचे दिवस होते हो ते.

एका साली पोखर्णीच्या वाटेवरचा ईश्वरअप्पांचा पानमळा सडायला लागला. ह्यांना बोलावणं आलं. त्या मळ्याची रीत कडक. चपला बाहेर, आन् बाईमाणसानं तर आत पायच टाकायचा न्हाई. म्हून मी कुडाबाहेर, रांजणापाशी पंपाचा दांडा मारायला, आन् हे लांब नळी घेऊन आत वेलांत. त्यांनी "मार" म्हणलं की मारायचं, "थांब" म्हणलं की थांबायचं.

मधीच तोटी तुंबली. आतून "थांब!" आलं. मी दांडा सोडला. वेलांच्या ओळीतून मला ते दिसत होते. उकिडवे बसले, पिन फिरवली, आन् मेलं ते भोक उजेडाकडं धरून डाव्या डोळ्याला लावलं!

तेवढ्यात ईश्वरअप्पा आले. "पोरगी दमली वाटतं," म्हणले, आन् दांडा हाती घेऊन लागले दणादणा मारायला. "न्हाई, न्हाई, थांबा मालक!" मी म्हणलं, पण म्हातारं कानानं जड. परक्या पुरुषाचा हात धरवेना. नळी फुगायला लागली. मी आत बघून वरडले, "अहो!" तसं चार गड्यांनी माना वर केल्या. समदेच कुणाचे ना कुणाचे अहो! आमचे हे मातर भोकातच बघायलेत.

मग तोंडातून निघूनच गेलं, "शिवाप्पा!"

बायकोच्या तोंडून आपलं नाव! हे असे दचकले, की गर्रकन मान वळली. त्याच वक्ताला तोटी सुटली. सगळी पिचकारी कानावर आन् पटक्यावर. डोळ्यात थेंब न्हाई. मी तिथंच हुंदके देऊन रडले.

मळा वाचला, पण गावभर बोभाटा माझ्या तोंडाचा झाला. सासूबाईंनी, भागम्मांनी, अबोला धरला. ह्यांना मातर भारी गंमत. कुणी नसलं की हळूच म्हणायचे, "बसम्मा, घे की एकदा."

"काय घेऊ?"

"तेच, मळ्यातलं."

"चला, कायतरीच तुमचं!" म्हणून मी चुलीकडं पळायचे. केस पिकले तरी त्यांचं मागणं तेच. न्हाई घेतलं मी. लाज वाटायची हो.

आता हे न्हाईत. घरात कुणी नसलं की मी मोठ्यानं हाक मारते, शिवाप्पा, शिवाप्पा. लय गोड नाव हाय. मान वळवून बघायला मातर कुणी न्हाई.