भिंतीतून येणारा आवाज

चहा जरा खाली ठेवा, नाहीतर ठसका लागेल. मी जो घोळ घातलाय ना, तो ऐकताना याआधी दोघांना लागलाय!

मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट. मूळची सांगलीची. पुण्यात दहा वर्षं काम केलं आणि सौदीतल्या जेद्दाच्या एका खासगी हॉस्पिटलात रुजू झाले. तीन महिने प्रोबेशन. जमलं तर नोकरी पक्की, नाहीतर परतीचं तिकीट!

माझी पद्धत साधी. समोरच्याला बोलू द्यायचं, आपण मान डोलवायची. पहिल्याच दिवशी दहा वाजताचा पेशंट. फाइलवर नाव अरबीत, ते काही मला वाचता येईना; खाली लिहिलेलं, ‘गाव दापोली. स्वतःबद्दल बोलत नाही, समोरच्यालाच प्रश्न विचारतो.’

दहाला पाच कमी असताना एक गृहस्थ आत आले. हातात वही.

“सलाम मॅडम. मी इरफान, दापोलीचा. तुमी पण आपल्याकडच्याच ना? मग सांगा, तुमचं बॅकग्राउंड काय?”

बघा! फाइलीत लिहिलंय तस्संच!

“माझं राहू द्या भाऊ,” मी गोड आवाजात म्हणाले. “तुमचं सांगा.”

“माझं काय सांगू? बरं, तुमची थेरपीची पद्धत कशी?”

“हे विचारावंसं कधीपासून वाटतंय?”

“सकाळपासून. साहेबांनी सांगितलं.”

“साहेब... दिसतात तुम्हाला?”

“दिसतात कमी, आवाज जास्त! भिंतीतून पण येतो.”

माझं पेन थांबलं. आता सांगा, तुम्ही काय समजला असता?

“काय म्हणतात ते?”

“लोकांचे फोटो काढ म्हणतात. आता तुमचा काढायचाय.” आणि त्यांनी पिशवीत हात घातला.

पिशवीत काय असेल? सुरी? मी टेबलाखालची धोक्याची घंटा दाबली. आणि तेवढ्यात, आईशपथ सांगते, भिंतीतून आवाज आला, “इरफाऽऽन!”

मलाही ऐकू आला हो! मी तर खुर्चीवरच उभी राहिले!

दोन धिप्पाड सिक्युरिटी गार्ड धावत आले. “यल्ला, यल्ला!” म्हणजे ‘चला, चला!’ करत त्यांनी इरफानभाईंना दोन्ही बाजूंनी उचललं. पिशवीतून कॅमेरा पडला. पाठोपाठ भिंतीतला आवाज दारातून आत आला. गोरेपान, टाय घातलेले, संतापलेले.

ते मार्केटिंगचे मॅनेजर. पलीकडची खोली त्यांची. इरफानभाई त्यांचे असिस्टंट, हॉस्पिटलच्या वेबसाइटवर माझी ओळख टाकायची म्हणून माहिती घ्यायला आलेले!

“मॅडम, नको सांगायची तर नको म्हणायचं ना,” इरफानभाई हवेत लटकूनच म्हणाले. “उचलायला कशाला लावता?”

मी हात जोडले, दहादा माफी मागितली. ते बिचारे हसत गेले. मॅनेजर मात्र माझ्याकडे असं बघत गेले, की मला परतीचं विमान डोळ्यांपुढे दिसलं.

तरी मी अजून खुर्चीवरच. आणि दारात खरा पेशंट! सगळं बघून तो शांतपणे आत आला, हात धरून मला खाली उतरवलं, पाण्याचा ग्लास दिला.

“बसा. सावकाश बोला. मला घाई नाही.”

आणि काय सांगू, मी बोलले! नोकरीची भीती, सांगलीची आठवण, सासूबाईंचे फोन, सगळं. चांगली चाळीस मिनिटं! तो मान डोलवत होता.

मग तो उठला, बाहेर काउंटरवर गेला आणि रिसेप्शनिस्टला म्हणाला,

“पुढच्या मंगळवारची वेळ द्या. मॅडमचं अजून बरंच बोलायचं राहिलंय.”