चामुंडीच्या पायऱ्या आणि आमचं कुंकू

चैत्रातल्या मंगळवारी, उजाडायच्या आत, नणंद शकू आणि मी चामुंडीबेट्टाला (चामुंडीच्या डोंगराला) निघालो. शकूचं लग्न जुळलं तर देवीच्या प्रत्येक पायरीला हळदकुंकू लावीन, असा सासूबाईंचा नवस होता. लग्न जुळलं, पण त्यांचा गुडघा धरला. आमच्या घरी हा नवस मुक्याने फेडतात. पहिल्या पायरीपासून दर्शन होईपर्यंत लावणारीने तोंडातून शब्द काढायचा नाही.

"शकूच्याने हे व्हायचं नाही," सासूबाई म्हणाल्या. "तू जा. तू तशीही बोलत नाहीस."

मला ते खरंच वाटलं. दुकानदाराने दोनदा विचारलं तरी माझा आवाज फुटत नाही. सासूबाईंनी अंधारातच फळीवरचे डबे काढून हळदीची एक आणि कुंकवाची एक अशा दोन डब्या भरून दिल्या. सोबत केळीच्या पानात बुत्ती (दहीभात) दिली.

बसमधून पायथ्याशी उतरलो तेव्हा पूर्वेला नुकतं तांबडं फुटत होतं. होंगेच्या (करंजाच्या) झाडांना इतकी कोवळी पालवी आली होती की खालून बघताना पानं ओली वाटत. वाटेवर पांढरी-जांभळी फुलं सांडली होती. मी वाकायची, हळदीचं बोट टेकवायची, कुंकवाचं टेकवायची आणि पुढच्या पायरीवर जायची. शकू शेजारून बोलत चालली होती. सासरी जाऊ कशी असेल, साडी कुठली नेसू, नवऱ्याचे कान जरा मोठे आहेत का. "सांग की वहिनी! अय्यो, तू तर मौनात."

मला फार बरं वाटत होतं. उत्तर द्यावं लागत नाही, असा डोंगर मी रोज चढले असते.

वर चढलो तसं खाली गाव उघडत गेलं. राजवाड्याचे घुमट, रेसकोर्सचं हिरवं कडं, करंजी तळ्याचं पाणी. आमची गल्ली शोधत मी उभी राहिले आणि कपाळावरचा घाम बोटाने पुसला. बोट पाहिलं तर झगझगीत गुलाबी.

कुंकू असं होत नाही. असं कशाचं होतं ते रंगाऱ्याच्या घरच्या बाईला सांगावं लागत नाही. आमच्या घरी रंगाची पूड आणि कुंकू सारख्याच डब्यांत, एकाच फळीवर असतात. कोरडी असताना दोन्ही लालच. पाणी लागलं की रंग आपलं खरं रूप दाखवतो, आणि मग लुगडं फाटेपर्यंत जात नाही.

मी शकूचा हात धरून डबी दाखवली.

"संपलं?"

मी मान हलवली, माझं कपाळ दाखवलं.

"डोकं दुखतंय? ऊन लागलं?"

मी दोन्ही हातांनी लुगडं पिळून, झटकून, दोरीवर वाळत घातल्यासारखं केलं.

"माकड आलं?" शकू किंचाळली आणि तिने बुत्तीची पिशवी पदराखाली घेतली. तेवढ्यात खरंच एक माकड आलं, पदराखालून पिशवी ओढून घेतली आणि कठड्यावर बसून आमचा दहीभात नीट पान उलगडून खाऊ लागलं.

मी कपाळाला हात लावून वळले, तर मागच्या वळणावर एक अज्जी (आजी) दिसली. आम्ही लावलेल्या प्रत्येक पायरीला ती बोट लावी आणि ते कपाळाला टेकवी. तिच्या कपाळाला घाम होता, त्यामुळे ते पुरं गुलाबी झालं होतं. बरोबर हिरव्या चुड्याची कोवळी नातसून होती. अज्जीने पायरीवरचं चिमूटभर उचललं, नातसुनेची हनुवटी धरली आणि भांगात भरायला हात नेला.

शकूचं लग्न माझ्या जिभेवर होतं. पण ती पोरगी महिनाभर हा रंग डोक्यावर घेऊन सासरी कशी वावरेल?

"बेडा!" मी ओरडले. "हच्चबेडी अज्जी! अदु कुंकुमा अल्ला, बण्णा!" (नको! लावू नका आजी! ते कुंकू नाही, रंग आहे!)

एवढा आवाज माझ्यात होता हे मला ठाऊक नव्हतं. वरून उतरणारी माणसं थांबली. माकडाने पान टाकलं. अज्जीने थुंकी लावून चिमूट चोळली, गुलाबी झालेलं बोट पाहिलं आणि विचारलं, "मग माझं काय गं?"

"आंबट ताक लावा," मी पुटपुटले. "रोज."

"ताक पिईन. या वयात माझं कपाळ कोण बघतंय!" ती हसली, नातसुनेचा हात धरून पुढे गेली.

शकू मात्र पांढरीफटक पडली होती. "वहिनी, तू बोललीस. आता माझं लग्न?"

पुढच्या पायऱ्यांना आम्ही नुसती हळद लावली. शकू एक शब्द बोलली नाही. मोठ्या काळ्या नंदीशी काकडीवालीने तिखटमीठ लावून दिलेली फोडही तिने हातातच धरली. देवीपुढे तिचे डोळे भरून आले. मी म्हटलं, आई, चूक माझी, मोठे कान असले तरी तिला तोच नवरा दे.

बसने उतरताना शकू म्हणाली, "आईला सांगायचं नाही हं." पण सांगायचं मी ठरवलं होतं.

घराचं दार आतून लावलेलं. शेजारीण म्हणाली, "सकाळपासून बंद आहे. तुमची होणारी विहीणबाई येऊन परत गेली. कडी वाजवून दमली बिचारी."

शकूने माझा दंड गच्च धरला. आमचे आवाज ऐकून कडी निघाली. सासूबाईंनी नाकापर्यंत पदर ओढला होता. मी उंबऱ्यातच सगळं सांगून टाकलं. रंग, माकड, अज्जी, माझं ओरडणं.

त्यांनी पदर मागे घेतला. कपाळावर रुपयाएवढा गुलाबी टिळा, भोवती घासून घासून सोललेली कातडी. आम्ही निघाल्यावर आंघोळ करून त्यांनी त्याच डब्यातलं कुंकू ओल्या कपाळावर लावलं होतं.

"या तोंडाने विहिणीला दार उघडू?" त्या म्हणाल्या. "ती हाका मारत होती, मी आत तोंडात पदर कोंबून बसले होते. तुम्ही गेल्यापासून हा माझा पहिला शब्द." मग त्या एकदम थांबल्या. "दर्शन झालं ना तुमचं?"

"झालं."

"मग नवस फिटला. तो बोलले होते मी, मुकीही मीच राहिले. तू फक्त चाललीस."

शकू उंबऱ्यातच बसली आणि रडत रडत हसायला लागली. मी ताक आणायला आत गेले.

लग्नात सासूबाईंनी त्याच जागी भलंमोठं कुंकू लावलं, आणि विहीणबाईंनी त्याचं फार कौतुक केलं. नवरदेवाचे कान खरंच मोठे होते. मांडवात बायका सांगत होत्या, देवीच्या अर्ध्या पायऱ्या आपोआप गुलाबी झाल्यात, धुतल्या तरी जात नाहीत. सगळ्यांनी हात जोडले. मीही जोडले. माझं बोलणं डोंगरावर होऊन गेलं होतं.