घडीच्या पत्रकाएवढा साचा

आमच्या घरी अप्पा पत्रकं लिहायचे आणि मी त्यांच्या घड्या घालायची. पाणीपट्टी, कामगारांचे तास, बुवाबाजी. एका बाजूला कन्नड, दुसऱ्या बाजूला मराठी. पुढे सॉफ्टवेअर लिहायला लागले तरी माझी भाषा पत्रकाचीच राहिली: साधन वापरणाऱ्याच्या हातात असलंच पाहिजे!

त्याच हट्टातून मी प्लगइनसाठी एक साचा बांधला. प्लगइन म्हणजे मोठ्या सॉफ्टवेअरला बाहेरून जोडायचा लहानसा प्रोग्राम. माझ्या साच्यात तो कुणालाही लिहिता येईल आणि एकदा लिहिला की विंडोज, लिनक्स, मॅक, कुठेही चालेल, असा माझा दावा होता. जुन्या विंडोजला मात्र मी तत्त्व म्हणून जागा ठेवली नाही. कंपनीनेच वाऱ्यावर सोडलेल्या विंडोजची गुलामी कशाला पोसायची?

दावा तपासायला जुन्या हुबळीतल्या अक्कांकडे गेले. अप्पांची पत्रकं त्यांच्याच छापखान्यात छापली जात. दोनदा दुमडायच्या पत्रकात निम्मी पानं उलटी लावावी लागतात. अक्का ती दर वेळी संगणकावर हाताने फिरवत. एक चुकलं तरी गठ्ठा रद्दीत. हे काम करणारं प्लगइन त्यांना हवं होतं.

साचा त्यांच्या मशीनवर उघडलाच नाही.

"विंडोज जुनं आहे, अक्का. बदला की."

"माझी कन्नड अक्षरं ह्याच्यावरच नीट बसतात. तुझं स्वातंत्र्य माझ्या मशीनवर चालत नाही, मग ते कुणाचं गं?" माझी चाळीस पानी माहितीपुस्तिका त्यांनी तळहातावर तोलली. "तुझ्या अप्पांनी एवढं आणलं असतं, तर दारातूनच परत पाठवलं असतं."

उणकलला घरी येऊन आठवडाभर धुमसले, मग कापायला बसले. फक्त नव्या मशीनवर चालणारं सगळं काढलं. तीनच आज्ञा उरल्या: फाइल उघड, बदल, परत दे. माहिती एका कागदावर मावली, अर्थात दोन्ही भाषांत. तळाशी बारीक अक्षरांत परवान्याच्या अटी: साचा कुणी, कसा वापरायचा आणि वाटायचा.

अक्कांनी तो कागद संगणकाला टेकवून उभा केला आणि दुपारभर बसून स्वतःच प्लगइन लिहिलं. पहिल्या छपाईत एक पान डोक्यावर उभं. "हात लावू नको, माझं चुकलंय," म्हणत त्यांनीच दुरुस्त केलं. दुसरा कागद दुमडून पाहिला: सगळी पानं सरळ. तीच फाइल माझ्या लिनक्सवरही जशीच्या तशी चालली.

मग त्यांनी माझा माहितीचा कागदच छापायला घेतला. पहिली प्रत हातात आली तेव्हा परवान्याच्या अटी गायब होत्या. त्या जागी अप्पांच्या प्रत्येक पत्रकाखाली असायची ती ओळ होती: वाचून पुढे द्या.

मी भांडले नाही. घड्या घालायला बसले.